दुपारचे मालक

खानदेशी माणूस स्वतः दिवसभर उन्हाला शिव्या देतो, पण बाहेरच्याने उन्हाची तक्रार केलेली त्याला खपत नाही. पुण्याचा पाहुणा घाम पुसत म्हणतो, "यंदा आमच्याकडेही फार तापलंय हो." मग खानदेशी माणूस मायेने विचारतो, "किती?" पाहुणा सांगतो, "अडतीस." "अडतीस!" आता चेहऱ्यावर उघड दया असते. "अडतीसला आम्ही कूलर नुसता पुसायला काढतो."

घरच्या घरातही ही चढाओढ आहेच. जळगावकराने पंचेचाळीस म्हटलं की भुसावळकर सेहेचाळीस म्हणणार. दोघांचं बोलून होईपर्यंत धुळेकर शांत बसून राहतो आणि मग हळूच विचारतो, "आणि थंडीत किती?" धुळ्याचा पारा हिवाळ्यात पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे दोन्ही टोकं आपल्याच मालकीची आहेत असं त्याचं म्हणणं. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडचा आणि बायको धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याकडची, म्हणजे आमच्या ओट्यावर हा सामना लग्न झाल्या दिवसापासून चालू आहे. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जमिनी, कचेऱ्या, दप्तरं सगळ्यांची वाटणी झाली. ऊन तेवढं सामाईक राहिलं.

अशा मुलखात दर मे महिन्यात आमची नात पुण्याहून येते. यंदा दुसरी संपवून आली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी उतरली तेव्हा गळ्यात पाण्याची मोठी बाटली होती आणि हातात आईने लिहून दिलेला कागद. कागदावर सुट्टीचं वेळापत्रक होतं. नऊ ते दहा वाचन, दहा ते अकरा चित्रकला, दोन ते तीन गणिताचा सराव, तीन ते चार मैदानी खेळ. बायकोने चष्मा लावून तो सगळा वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "तीन ते चार मैदानी खेळ? मे महिन्यात?" मग कागदाची नीट घडी घालून तो देवाच्या फळीवर ठेवला. आमच्याकडे ज्या कागदाचं काहीच करायचं नसतं तो सन्मानाने तिथे जातो.

पहिल्याच दिवशी नातीने नकाशाचा प्रश्न काढला. मी तिला धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, नेऊन दाखवत होतो: उत्तरेला हा सातपुडा, तिकडे दक्षिणेला, इथून दिसत नाहीत पण आहेत, ते सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधे हे तापीचं खोरं, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंच. काळी जमीन ऊन पिऊन घेते, कोरडा वारा सुटतो, आणि दोन्हीकडे डोंगर उभे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग नाना, तुम्ही लोक इथे राहिलात कशाला?"

"जमीन चांगली आहे ना. कापूस येतो, केळी येते."

"मग जमीन इथे ठेवायची आणि आपण पुण्याला राहायचं."

"तुझ्या आईने तेच केलं," मी म्हणालो. विषय तिथेच थांबला.

आमच्या मेमध्ये दिवस पहाटे चारला सुरू होतो. ती आली त्याच आठवड्यात बिबडे करायचे होते. त्यासाठी ज्वारी आधीपासून भिजत घातलेली. मग ती दळून, अंगणातल्या चुलीवर मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजतो. जिरं, तीळ, लसूण, मिरची यांचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला की शेजारच्या बाया बोलावण्याची वाट न बघता हजर होतात. बाजेवर ओलं धोतर पसरायचं आणि त्यावर बोटांनी पातळ थापत जायचं. पुण्यात सकाळी दूध पिण्यासाठी जिच्या मागे घरभर फिरावं लागतं, ती मुलगी अंधारात पाटावर बसून गरम घाटा कच्च्या तेलाबरोबर वाटीभर खात होती आणि वर आणखी मागत होती. उजाडल्यावर तिला धाब्यावर नोकरी मिळाली. हातात काठी, डोक्यावर माझा रुमाल, काम कावळे आणि कोंबड्या हाकलायचं. पगार म्हणून अर्धवट वाळलेला, चिवट बिबडा. तो खाण्याचा हक्क खानदेशात फक्त राखणदाराला असतो.

ऊन चढायच्या आत तिला खाली बोलावलं. कावळेही तेव्हा सावलीला गेले होते. संध्याकाळी वर जाऊन बघते तर बिबडे कडकडीत.

"हे कोणी वाळवले?"

"उन्हाने."

"फुकट?"

"फुकट."

तेव्हापासून तिने उन्हाकडे घरच्या गड्याच्या नजरेने बघायला सुरुवात केली. तसं बघितलं तर खरंच आहे. कुरडया, शेवया, मिरच्या, हळद, वर्षाचे गहू ही सगळी वाळवणं त्याच्याकडे. शेतात नांगरून ठेवलेली ढेकळं महिनाभर तापवायची आणि जमिनीत दडून बसलेले बोंडअळीचे कोष मारायचे, हेही त्याच्याकडे. हे काम मजुरांकडून करून घ्यायचं म्हटलं तर कोणत्याच शेतकऱ्याला परवडायचं नाही. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे ही सगळी भूमी इतकी तापवायची, की समुद्रावरचा वारा ढग घेऊन इकडे यायला निघाला पाहिजे. एवढं राबणारा माणूस दुपारी थोडा तापट झाला तर आपणच त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं.

फक्त केळीचं आणि त्याचं जमत नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, सावदा-रावेरची केळी रेल्वेने थेट दिल्लीला जाते, मान मोठा आहे. पण मे महिन्यात ही बाई अतिशय नाजूक होते. गरम वाऱ्याने पानं फाटून चिंध्या होतात, ऊन फारच झालं तर तयार होत आलेले घड सटकून खाली पडतात. म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावायची, गजराज गवत लावायचं, नाहीतर हिरवी जाळी बांधायची, आणि ठिबक चालू ठेवायचं. सकाळी आठला नातीला मी बागेत नेलं. बाहेर बांधावर आताच अंग चटकायला लागलं होतं. जाळी बाजूला करून आत पाऊल टाकलं आणि ती ओरडलीच, "नाना, एसी!"

मी तिला समजावून सांगितलं की हीच मोठमोठी पानं मुळांनी ओढलेलं पाणी हवेत सोडतात आणि त्याने गारवा होतो.

"मग बिल कोण भरतं?"

"विहीर," मी म्हणालो. हे उत्तर माझं मलाच आवडलं, पण विहिरीत डोकावून बघितल्यावर जरा कमी आवडलं.

दहा-साडेदहाला गाव मिटायला लागतं. २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेपायी जळगाव जिल्ह्यात कलम १४४ लागू झालं होतं, तेव्हा देशभर बातमी झाली. गावात कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही. आमच्या आजीने हे कलम रोज लावलेलं होतं, तेही कायद्याचं पुस्तक न उघडता. दाराची कडी वर, खिडक्यांना ओलं गोणपाट, आणि उंबऱ्याशी चटई टाकून आजी स्वतः आडवी. आता ती चटई बायकोकडे आली आहे. नात दबक्या पावलांनी दारापर्यंत पोहोचते, आणि डोळे मिटलेली तिची जिजी, म्हणजे माझी बायको, हलतही नाही, फक्त विचारते, "इतला उनमा कोठे जाई ऱ्हायनी माय?" कुठेच नाही, असं म्हणून नात परत येते.

आमचं घर जुनं, धाब्याचं. भिंती मातीच्या आणि चांगल्या जाड, वर लाकडं आणि त्यावर खारी माती. पावसाळ्याआधी दरवर्षी ती माती नव्याने टाकावी लागते, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतं की आता स्लॅब टाकून मोकळे व्हा. लेकीने एका खोलीत एसी बसवून दिला आहे. वीज असते तेव्हा तो चालतो आणि भारनियमन असतं तेव्हा आम्ही त्याच्याकडे बघतो. मग सगळे मधल्या खोलीत गोळा होतात. तिथे ऊन अजून पोहोचलेलं नसतं.

पहिले दोन दिवस नातीने मोबाइलचा आधार घेतला. तिसऱ्या दिवशी तो ओट्यावर राहिला आणि उचलला तेव्हा पडद्यावर सूचना होती की फोन फार तापला आहे, थंड झाल्याशिवाय चालणार नाही. आम्ही तो माठाजवळ ठेवला. मी काही उपदेश करणार होतो, पण नातीनेच तो वाचवला. म्हणाली, "यालापण झोपवलं जिजीने."

आता दुपारी एक ते चार. हे तीन तास मी आयुष्यात वेगवेगळ्या वयांत पाहिले आहेत. नोकरी होती तेव्हा ते मला माहीतच नव्हते. पंखा, फाइल, चहा, आणि बाहेर बघितलं तर संध्याकाळ झालेली. लेकीचं आज तेच. तिच्या कचेरीच्या काचा अशा की बाहेर ऊन आहे की पाऊस तेही कळू नये. मधल्या पिढीला सकाळ असते, संध्याकाळ असते, घाईत का होईना रात्र असते. दुपार नसते. दुपार ही दहाच्या आतल्यांची आणि साठीच्या पुढच्यांची. एकाला अजून कोणी कामाला बोलावत नाही, दुसऱ्याला आता कोणी बोलावत नाही. खानदेशच्या उन्हाने काय केलं, तर या दोन बेकारांना एका खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. पुण्यात मी तिच्याकडे जातो तेव्हा आमची भेट होते ती बस आणि क्लास यांच्या मधल्या फटीत. "नाना, नंतर सांगा," असं म्हणून ती जाते, आणि नंतर माझी औषधाची वेळ होते. इथे कोणालाही कुठेच जाता येत नाही, ही केवढी मोठी सोय आहे.

या तीन तासांत आम्ही काय करतो, याचा हिशेब लेकीला देता येत नाही. झब्बू खेळतो. पत्ते लपवण्यात तिने माझ्याकडून जे शिकून घेतलं ते ती माझ्यावरच वापरते. चिंचोके फोडून चल्लस मांडतो. कैरी मीठ लावून खातो आणि दात आंबले म्हणून गप्प बसतो. छपराच्या लाकडातली एक गाठ मला घुबडाची वाटते, तिला ते मान्य नाही, आणि हा वाद रोज पुढच्या तारखेला जातो. मग गोष्ट.

एका दुपारी मी तिला धुळ्याची गोष्ट सांगितली. १९३२ साल. धुळ्याचा तुरुंग स्वातंत्र्याच्या लढ्यातल्या माणसांनी भरलेला. त्यात विनोबा होते, अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून लढ्यात उतरलेले साने गुरुजी होते. फेब्रुवारीच्या २१ तारखेपासून विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायला लागले. साने गुरुजी भरभर लिहून घेत. १९ जूनला अठरावा अध्याय संपला. तीच प्रवचनं पुढे 'गीता प्रवचने' म्हणून घरोघर गेली. अठरा अध्याय, अठरा रविवार, आणि नीट बघितलं तर धुळ्याचा अख्खा उन्हाळा, पहिल्या झळेपासून मृगापर्यंत.

"ते मधेच बाहेर नाही गेले?"

"कसे जाणार? तुरुंग होता."

तिने उंबऱ्याकडे पाहिलं. जिजी चटईवर होती आणि तिचं लक्ष झोपेतही कडीवर होतं. "मग आपणही एक पुस्तक करू," नात म्हणाली. "तुम्ही बोला, मी लिहिते." तिने वही काढली. मी बैलगाडीतून तापी ओलांडायची माझी जुनी गोष्ट सुरू केली. गाडी पाण्याच्या मध्यावर पोहोचेपर्यंत लेखनिक झोपली होती, आणि तिच्यानंतर थोड्या वेळाने वक्ताही. साने गुरुजींची थोरवी मला त्या दिवशी नव्याने कळली.

कडी एकदाच ऐन दुपारी निघाली, आणि तीही रीतसर अर्ज केल्यावर. वर्षातून दोन दिवस सूर्य नेमका आपल्या डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. आमच्या पट्ट्यात त्यातला पहिला दिवस मेच्या २५ ते २७ तारखांच्या दरम्यान असतो. दुसरा जुलैच्या मध्यानंतर, पण तेव्हा सूर्य ढगांच्या घरी मुक्कामाला असतो. याच सुमारास सूर्य रोहिणीत जातो आणि लोक ज्याला नवतपा म्हणतात ते नऊ दिवस लागतात. मी हे सगळं जेवताना सांगितलं. पुण्यात हा दिवस १३-१४ मेलाच होऊन जातो, दिल्लीला तर कधी येतच नाही, कारण सूर्य कर्कवृत्तापलीकडे जात नाही. धुळं आपल्यापेक्षा जरा दक्षिणेला, म्हणून तिथे आपल्याआधी एखादा दिवस. एवढ्या खगोलशास्त्रातून बायकोने नेमकं एकच वाक्य उचललं. "म्हणजे धुळ्याला आधी." दिवसभर ती खुशीत होती. परवानगी मिळाली ती त्या खुशीतच.

ठरलेल्या दिवशी बाराला आम्ही जय्यत तयार. नातीच्या डोक्याला ओला रुमाल, माझ्या खिशात कांदा. कांद्याने ऊन लागत नाही याला शास्त्रात आधार नसेल, पण बायकोच्या आग्रहाला आधार लागत नाही. अंगणात पितळी तांब्या, रॉकेलचं जुनं नरसाळं आणि पाण्याची ती पुण्याची बाटली उभी करून ठेवली. गल्लीतली आणखी पोरं जमली. त्यांच्या आया दारातून ओरडत होत्या. इथे घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नसतात. ती वेळ यायला साडेबाराला चार-पाच मिनिटं उरावी लागतात. बाटलीची सावली आखडत गेली, बुडाशी आली आणि गेली. नरसाळ्याची गेली, तांब्याची गेली. नातीने एका पायावर उभं राहून पाहिलं, मग उडी मारून पाहिलं. उडी मारल्यावर पायाखाली एक लहानसा काळा ठिपका सापडायचा, उतरली की नाही. मग ती माझ्याभोवती फिरून आली आणि जाहीर केलं, "नानांची सावली संपली!"

"संपली तर संपली," दारातून आवाज आला, "पण नानांना घरात आणा."

संध्याकाळबद्दल काय सांगायचं. सहानंतर पुन्हा माणसं दिसू लागतात, अंगणात सडा पडतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाला बांधलेला झोका अजून सोडलेला नसतो त्यावर पाळी लागते. रात्री धाब्यावर गाद्या. नात सप्तर्षी मोजते, सात भरले की झोपते. सातपुड्याच्या अंगावर एखाद्या रात्री वणव्याची लाल रेघ दिसते, तेव्हा मात्र तिला मी मुद्दाम दुसऱ्या कुशीवर वळवतो. सगळंच एका उन्हाळ्यात दाखवायचं नसतं.

मधे लेकीचा फोन रोज यायचा, आणि तो नेमका दुपारी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. "काय करताय?" "काही नाही." "कंटाळली नाही ना ती?" मी फोन नातीकडे द्यायचो. ती गोणपाटाच्या अंधारात लोळत, पत्ते छातीशी धरून म्हणायची, "आई, मी बिझी आहे, चारनंतर कर."

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला घेऊन गेले. पिशवीत बिबडे, कुरडया, आणि देवाच्या फळीवरून काढलेला तो कागद, कोरा करकरीत. पंधरवडा गेला असेल, एका रविवारी लेकीचा फोन आला. आवाजात तक्रार होती. "नाना, काय शिकवून पाठवलंत हिला? बाहेर धो धो पाऊस आहे. आम्हाला मॉलमध्ये जायचंय. एक वाजला तशी हिने दाराला आतून कडी लावली, उशी घेऊन दाराशी आडवी झाली. उठ म्हटलं तर डोळे मिटूनच विचारते, इतला उनमा कोठे जाई ऱ्हायनात?"

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? दार उघडायला तिला ओलांडावं लागतं. ह्यांनी पत्ते काढलेत."

मागून जावयांचा आवाज आला, कोणीतरी पत्ता लपवला म्हणून. लेक म्हणाली, "ठेवते आता. चारनंतर करते."

फोन ठेवून मी बायकोला सगळं सांगितलं. ती कूलरमध्ये पाणी भरत होती; आमच्याकडे पावसाचा अजून पत्ता नव्हता. तिने विचारलं, "कडी आतून लावली ना?"

"हो."

"मग शिकली," ती म्हणाली. "पत्ते जावयांनीच लपवले असतील बघा. जळगावचे आहेत."